सुतळीच्या चार घड्या : लाकडाचा धंदा नेमका चालतो कसा

आमच्या घरात एक सुतळीचं रीळ कायम खुंटीला असायचं. घरातली बाई शेवग्याच्या शेंगा बांधायला मागायला गेली तरी आबा, म्हणजे माझे आजोबा, द्यायचे नाहीत. ती मापाची सुतळी. ओंडका पुढ्यात आला की आबा त्याच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळायचे, टोक जुळलं तिथं चिमटीत धरायचे, सोडवून दोनदा दुमडायचे आणि ती चार पदरी दोरी फुटपट्टीवर ठेवायचे. जो आकडा येईल त्याला त्याच आकड्याने गुणायचं, मग लांबीने. लाकूड किती, ते कळलं. यात कुठं गणिताचं पुस्तक नाही की पायची (π) किंमत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात लाकडात चार पिढ्या घातलेल्या घरातला मी चौथा, आणि अजूनही कुणी विचारलं की लाकडाच्या धंद्यात काय शिकायचं असतं, तर मी आधी ही सुतळीच काढतो.

समजा ओंडक्याचा घेर 48 इंच आहे आणि लांबी 10 फूट. सुतळीच्या चार घड्या केल्या की 12 इंच, म्हणजे एक फूट. एक गुणिले एक गुणिले दहा, झालं 10 घनफूट. सगळा बाजार या मापावर चालतो. पण शाळेत शिकलेलं सूत्र लावून गोल ओंडक्याचं खरं घनफळ काढलं तर ते 12.7 घनफूट भरतं. म्हणजे घेणाऱ्याला पावणेतीन घनफूट फुकट मिळालं की काय?

मी कॉलेजात असताना हा शोध लावून आबांना सांगायला गेलो होतो. ते हसले आणि म्हणाले, "मग आता त्यातून चौकोनी काढून दाखव." तिथंच खरी मेख आहे. लाकूड गोल विकत घेतात, वापरतात मात्र चौकोनी. त्याच ओंडक्यातून जास्तीत जास्त मोठा सरळ चौकोनी सोट काढला तर तो साधारण 8 घनफूट निघतो. बाकीच्या सालीच्या फळ्या, फळकुटं. तेव्हा सुतळीचं 10 हे माप पूर्ण गोल आणि शुद्ध चौकोन यांच्या मधलं आहे. विकणारा थोडं सोडतो, घेणारा थोडं सोसतो. इंग्रजांच्या काळापासून या मापाला हॉप्पस म्हणतात आणि सरकारी हिशेबातही घेराचा चौथा हिस्सा हाच पाया धरायची पद्धत राहिली. फरक इतकाच की वनखात्याची यादी घनमीटरमध्ये असते आणि बाजार अजून घनफुटात बोलतो. एक घनमीटर म्हणजे 35.3 घनफूट, हा आकडा आमच्याकडच्या लहान पोराला पाढ्यासारखा पाठ असतो.

या मापात एक खोड आहे. घेराचा वर्ग होतो, त्यामुळे घेरात झालेली चूक दुपटीने अंगावर येते. 48 च्या जागी 50 इंच वाचलं, म्हणजे दोनच इंच जास्त, तर 10 घनफुटाचे जवळजवळ 10.85 होतात. लांबीत तेवढीच चूक झाली तर दीड-दोन टक्क्यांचाच फरक. म्हणून जुने व्यापारी टेप लांबीला कोणी धरली आहे ते बघायचे नाहीत, घेराला कोणाचा हात आहे ते बघायचे. सुतळी जरा तिरकी बसली तरी घेर वाढतो. गाठीवरून गेली तरी वाढतो. साल काढून मापलं की सालीसकट, हे आधी ठरलेलं नसेल तर भांडण नक्की. मी पहिल्यांदा घेर मापायला बसलो तेव्हा बाबा मागून म्हणाले होते, "मापायलास की ओंडक्याला मिठी मारायलास?"

आता पिढ्यांकडे वळू. आमच्या घराण्याचा धंदा लाकडाचा, असं सरसकट म्हणतात ते पूर्ण खरं नाही. चार पिढ्यांनी चार वेगळे धंदे केले. प्रत्येक वेळी बदल झाला तो आमच्या हुशारीने नव्हे, कायदा किंवा गिऱ्हाईक बदललं म्हणून.

पणजोबांचं गिऱ्हाईक होतं रेल्वे. लोंढ्याहून कॅसलरॉकचा घाट उतरून मुरगाव बंदरापर्यंतचा लोहमार्ग 1888 मध्ये सुरू झाला. तो मीटर गेज होता. रुळाखालचा लाकडी स्लीपर मीटर गेजला 6 फूट लांब, 8 इंच रुंद आणि साडेचार इंच जाड असे. गुणाकार करून बघा, बरोबर दीड घनफूट. पणजोबा एका ठेकेदाराकडे मुकादम होते आणि त्यांच्या हाताखाली करवतवाल्यांच्या जोड्या असत. जंगलातच खड्डा खणायचा, वर ओंडका आडवा ठेवायचा, एक गडी वर उभा आणि एक खड्ड्यात. वरचा रेषा सांभाळतो, खालचा ओढतो आणि दिवसभर भुसा खातो. खालच्याला डोळ्यावर फडकं बांधावं लागे. मजुरी स्लीपरच्या नगावर. स्लीपर घासलेला, फाटलेला किंवा अर्धा इंच कमी निघाला की तपासणीत बाद, आणि त्याची मजुरी बुडाली. रेल्वेचं गिऱ्हाईक पुढं सिमेंटच्या स्लीपरने संपवलं, पण ते बऱ्याच नंतर.

त्याच काळात जंगलाची मालकी पक्की होत होती. 1878 च्या वन कायद्याने राखीव, संरक्षित आणि गावकी अशी जंगलाची वर्गवारी झाली. तोवर डोंगर उतारावर जाळून नाचणी-वरी पेरायची कुमरी शेती चालायची, तिच्यावर बंधनं आली. गावकऱ्याने काय उचलावं, काय नाही, याच्या याद्या निघाल्या. मोठं लाकूड राज्याचं ही कल्पना मात्र इंग्रजांनी आणलेली नाही. शिवकाळातल्या धोरणाचा आरसा असलेल्या आज्ञापत्रातही आरमारासाठी लागणारा साग हुजूरच्या परवानगीने तोडावा आणि रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, जुनं झाड हवंच असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन न्यावं, असं बजावलेलं आहे. इंग्रजांनी त्याला रजिस्टर, नकाशा आणि शिक्का जोडला.

कूप म्हणजे काय

आबांचा धंदा कुपाचा. हा शब्द आता ऐकू येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खात्याचा एक आराखडा असतो, त्याला वर्किंग प्लॅन म्हणतात. कल्पना साधी आहे. समजा एखाद्या जंगलातलं झाड तोडणीला यायला 80 वर्षं लागतात. मग त्या जंगलाचे 80 तुकडे पाडायचे आणि दरवर्षी एकच तुकडा तोडायचा. शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचेतो पहिला पुन्हा वाढलेला असतो. त्या वर्षीचा तो तुकडा म्हणजे कूप. कागदावर हे व्याजावर जगण्यासारखं आहे, मुद्दल तसंच राहतं. प्रत्यक्षात वणवा, गुरं, चोरटी तोड आणि चुकलेले अंदाज यांनी मुद्दल खाल्लं ते खाल्लंच, पण कल्पनेत खोट नव्हती असं माझं मत आहे.

कुपाचा लिलाव उभ्या झाडांचा व्हायचा. खात्याची माणसं आधी तोडायच्या झाडांवर हातोड्याने शिक्का मारून जायची. हातोड्याच्या डोक्यावर उलटी अक्षरं कोरलेली असतात. साल तासून त्या जागी एक ठोका दिला की खूण उमटते. शिक्का दोन ठिकाणी मारत, एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुंध्याशी. बुंध्याशी का? झाड तोडून नेलं तरी खुंट मागे राहतो आणि त्यावर शिक्का राहतो. तपासणीला आलेला माणूस खुंट मोजत फिरतो. शिक्का नसलेला खुंट दिसला की ती चोरी. ही युक्ती मला अजून फार आवडते. झाड गेलं, पावती जमिनीतच उरली.

ठेकेदाराचं कसब म्हणजे उभ्या झाडाकडे बघून आतलं लाकूड ओळखणं. आबा कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर ठोकायचे आणि कान लावायचे. भरीव झाड टण्ण वाजतं, पोकळ असलं तर ढब्ब. जांभा आणि ऐन वयात आले की आतून पोखरलेले असू शकतात, वरून मात्र पहिलवान. एकदा एका कुपात अशा ढोल झाडांनी त्यांना चांगलंच बुडवलं. त्या वर्षी आज्जीच्या पाटल्या गहाण पडल्या आणि नंतर सोडवल्या तेव्हा त्यातली एकच परत आली. दुसरीचं काय झालं, हे घरात कुणी विचारत नाही.

बेळगाव जिल्हा 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होता, त्या दिवसापासून म्हैसूर राज्यात आला. सीमेचा प्रश्न सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी इथं बोलत नाही. पण धंद्याच्या अंगाने एक गोष्ट झाली. मुंबईचे नियम जाऊन पुढं 1963 चा राज्याचा वन कायदा आणि 1969 चे नियम लागू झाले, आणि कागद हळूहळू कन्नडमध्ये आले. आबांचं शिक्षण मराठीत, हिशेबाची वही मराठीत. लिलावाच्या यादीत मात्र ऐनाऐवजी मत्ती, बिबल्याऐवजी होन्ने, नानाऐवजी नंदी आणि शिसमाऐवजी बीटे. लाकूड तेच, पण मत्ती म्हणजे काहीतरी नवीन जात असं समजून पहिल्या वर्षी आमच्याकडच्या एकाने बोलीच लावली नाही, असा किस्सा आबा सांगायचे. डेपोच्या पाटीवर 'नाटा' लिहिलेलं असतं. नाटा म्हणजे लाकूड. बाबांच्या पिढीने ही यादी दोन्ही भाषांत तोंडपाठ केली, आणि आता आमच्या आऱ्यावरचा मराठी मिस्त्रीसुद्धा "ती मत्ती घे बाजूला" असंच म्हणतो.

पुढं खात्याने ठेकेदार बाजूला करून स्वतः तोड करायची पद्धत घेतली आणि लाकूड डेपोत आणून विकायला सुरुवात केली. आमच्या भागातल्या व्यापाऱ्याला दांडेलीचा डेपो माहेरासारखा. त्यानंतर 1980 चा वन संवर्धन कायदा आला. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने तर स्पष्टच म्हटलं की जंगल हे आधी पर्यावरणाचा तोल राखण्यासाठी आहे, महसूल नंतर. लाकूड लागणाऱ्या कारखान्यांनी आपलं लाकूड शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यावं. पुढं भीमगडचं अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, ते खानापूर तालुक्यातलंच. ज्या रानात आबांनी कुऱ्हाडीने ठोके देत दिवस काढले असतील, त्यातलं काही आता माणसाने पाऊल टाकायचं असेल तर परवानगी मागावी असं झालं. आबांना याचं फार वाईट वाटलं नाही. "म्हादईला पाणी राहू दे," एवढंच म्हणाले.

डेपोतला लिलाव उभ्या झाडापेक्षा सोपा, कारण ओंडका समोर पडलेला असतो. प्रत्येकावर नंबर, लांबी, घेर. जातीप्रमाणे आणि दर्जाप्रमाणे त्यांचे गट करतात, त्याला लॉट म्हणायचं. लॉट पुरा घ्यावा लागतो, त्यातला देखणा ओंडका तेवढा उचलता येत नाही. त्यामुळे प्रत्येक लॉटमध्ये एखादा नवरदेव आणि तीन-चार वऱ्हाडी असतात. अनामत भरायची, बोली लावायची, वरिष्ठांची मंजुरी आली की ठरल्या मुदतीत पैसे भरायचे आणि माल उचलायचा. मुदत टळली तर जागेचं भाडं चढतं. आता बोली बरीचशी ऑनलाइन लागते. तरीही शहाणा माणूस आधी जाऊन ओंडक्याची दोन्ही तोंडं बघतोच. तोंडावर तारेसारखे तडे गेलेत का, मधला गाभा किती आणि त्याभोवतीचं पांढरं कडं किती. सागाचा पैसा गाभ्याला असतो. पांढऱ्याला वाळवी आवडते.

एक परवाना आणि दोन भाऊ

बाबांच्या वाट्याला आरा मशीन आली आणि तिच्याबरोबर सगळ्यात विचित्र कायदा. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला. जंगलातली तोड केंद्राने मंजूर केलेल्या वर्किंग प्लॅनप्रमाणेच होईल, आणि जंगलात केंद्राच्या मंजुरीशिवाय आरा गिरणी चालणार नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये पुढचा आदेश, की न्यायालयाच्या केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय कुठल्याही राज्याने नवीन आरा गिरणी उघडू द्यायची नाही. 2016 मध्ये केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि हे काम राज्यस्तरीय समित्यांकडे गेलं.

याचा अर्थ घरगुती भाषेत सांगतो. ज्याच्याकडे आधीचा परवाना होता तो परवानाच इस्टेट झाला. जमिनीच्या वाटण्या होतात, घराच्या मधोमध भिंत घालता येते, पण एका परवान्याचे दोन होत नाहीत. बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा शेत आणि घर अर्ध्या दिवसात वाटून झालं. आरा कुणाचा, यावर सहा महिने गेले. शेवटी आरा बाबांकडे आणि बाजारातलं दुकान काकांकडे. आज काकांच्या दुकानात प्लायवुड, लॅमिनेट आणि परदेशी साग जास्त खपतो. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग बंदरांवरून आमच्या चौकटींपर्यंत पोचतो. गिऱ्हाईक विचारतं, "दांडेलीचा आहे ना?" काका खरं सांगतात. सगळेच सांगतात असं नाही.

आऱ्यावर दोन वह्या असतात. आत किती ओंडके आले आणि बाहेर किती चिराई माल गेला. ओंडक्यातून कामाचा माल साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त निघतो. बाकीचं सालीचं लाकूड, तुकडे आणि भुसा. आत आलेल्यापेक्षा बाहेर गेलेलं जास्त दिसलं, किंवा ओंडक्यामागे मालाचा उतारा संशय येण्याइतका भारी निघाला, तर तपासणी करणारा विचारणार, हे वरचं लाकूड कुठून आलं. म्हणून बाबा भुशाच्या पोत्यांचीही नोंद ठेवायचे. आम्ही हसायचो.

लाकूड रस्त्यावर आलं की त्याला वाहतुकीचा पास लागतो. त्यावर जात, नग, माप, कुठून कुठं, गाडीचा नंबर आणि मुदत. मुदत तासांत असते. आमच्याकडे हा भाग नाजूक आहे, कारण खानापुरातून तासा-दोन तासांत महाराष्ट्रातल्या चंदगडला पोचता येतं आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्यात उतरता येतं. राज्य बदललं की नियम बदलतात, पासही तपासला जातो. काही वर्षांपूर्वी आमची एक गाडी घाटात बिघडली. दुरुस्त होईतो पासची मुदत टळली आणि एका नाक्यावर ती दोन रात्री उभी राहिली. माल आमचा, पास खरा, शिक्के खरे, फक्त घड्याळ पुढं गेलेलं. पावसात ओंडके भिजत पडले आणि ड्रायव्हरचा डबा रोज घरून गेला. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने देशभरासाठी ऑनलाइन ट्रान्झिट पासची व्यवस्था सुरू केली, क्यूआर कोडवाली. एकच पास सगळ्या राज्यांत चालावा हा हेतू आहे. त्याने घाटातला बिघाड दुरुस्त होत नाही, पण निदान नाक्यागणिक कागद पुन्हा वाचून दाखवावा लागू नये.

गेल्या महिन्यात जांबोटीकडचे एक शेतकरी काका आले. बांधावर साग लावले होते, मुलीचं लग्न ठरलंय, तोडून विकायचे. मी आधी विचारलं, जमिनीचा उतारा आणलाय का. कारण मुंबई इलाख्याच्या काळात कित्येक जमिनींवरचा साग, शिसम आणि चंदन सरकारने स्वतःकडे राखून ठेवला होता. जमीन तुमची, झाड सरकारचं. चंदनाची मालकी तर कर्नाटकात जमीनमालकाला 2001 च्या दुरुस्तीनंतर मिळाली. म्हणून जुने कागद बघितल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. कागद स्वच्छ असले तरी 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे सागाला तोडीची परवानगी लागतेच. निलगिरी, सिल्व्हर ओक, सुरू यांना त्या कायद्यातून सूट आहे, म्हणून आमच्याकडचा शेतकरी तीच लावत आला आणि मला ते दिसायला आवडत नसलं तरी त्याचं चूक म्हणवत नाही. रेंज ऑफिसात अर्ज, जागेवर पाहणी, झाडांची यादी, मंजुरी, तोड, मापं, शिक्का, पास. यातली एकही पायरी गाळून लाकूड रस्त्यावर आणलं तर स्वतःच्या बांधावरचं झाडही चोरीचं ठरू शकतं.

काकांना हे सगळं ऐकून घाम फुटला. मी त्यांच्याबरोबर गेलो. झाडं सरळ होती, छान होती. त्यातल्या बऱ्यापैकी एकाला सुतळी लावली. घेर 34 इंच. चार घड्या, साडेआठ. कामाची सरळ लांबी 8 फूट धरली तर झाले 4 घनफूट. काका म्हणाले, "म्हणजे दोन चौकटी निघतील की." साडेतीन बाय सात फुटांच्या एका चौकटीला, पाच बाय तीन इंची लाकूड धरून, उंबरठा आणि गणेशपट्टीसकट सव्वादोन घनफुटाला थोडं कमी लागतं, तेव्हा तोंडी हिशेबाने त्यांचं म्हणणं जवळपास जमत होतं. मी खिशातून पेन काढून एका पानावर गोल काढला, त्यात पांढऱ्याचं कडं सोडून दुसरा गोल, त्यात पाच बाय तीनचे दोन चौकोन. गोल भरला. उभे दोन खांब झाले. उंबरठ्याला दुसरं झाड.

काकांनी पान हातात घेऊन बराच वेळ बघितलं. मग विचारलं, अजून किती वर्षं ठेवली तर चारही बाजू एका झाडात बसतील? मी सुतळी परत झाडाभोवती फिरवली आणि यावेळी सैल, हातभर जास्त सोडून दाखवली. त्यांनी त्या सुतळीच्या आणि झाडाच्या मधल्या पोकळीत आपला हात घालून बघितला आणि म्हणाले, "लग्नाला मग भात विकतो."